लोणार सरोवरातील एककोशिक जीव

बुलढाणा जिल्ह्यात, बेसाल्ट खडकातील आघाती विवरात असलेल्या लोणार सरोवराचे पाणी खारे व तीव्र क्षारधर्मी (पीएच मूल्य सु. १०) आहे. त्याचा नेहमीचा हिरवट रंग मुख्यत्वे आर्थ्रोस्पायरा (स्पायरुलिना) या नील-हरित शैवलामुळे येतो. काटेकोरपणे पाहता या शैवलाचे सर्पिल तंतू म्हणजे कोशिकांच्या माळाच होत.

पाण्याचा रंगच एककोशिक जीवांच्या शोधास निमित्त झाला. डेल्फ्ट (नेदर्लंड्स) येथील कापडव्यापारी आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये जवळच्या एका तळ्याचे पाणी स्वतः बनविलेल्या भिंगातून पाहिले. उन्हाळ्यात ते पांढुरके होऊन त्यात हिरवे पुंजके तरंगत व लोक ते दवामुळे घडते असे मानीत. लेव्हेनहूक यांना मात्र त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव दिसले. रॉबर्ट हुक यांनी १६७७ मध्ये अशा जीवांच्या अस्तित्वास दुजोरा दिला.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय एककोशिक जीवांतील रंगद्रव्यांचा असल्याचे आढळले. बाष्पीभवनाने पातळी घटून लवणता वाढल्यामुळे त्यांची वाढ झाली होती. नमुना स्थिर ठेवताच जीव तळाशी बसून पाणी नितळ होई. प्रकल नसल्यामुळे हे जीव पूर्वी सूक्ष्मजंतूंत गणले जात. कार्ल वोस व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रिबोसोमी आरएनएच्या तुलनेवरून आर्कियांचा स्वतंत्र गट मांडला. लवणप्रिय जीव त्यात नंतर समाविष्ट झाले. ‘हॅलोबॅक्टेरियम’ हे जुने, आता दिशाभूल करणारे प्रजातिनाम मात्र टिकून आहे.