माहिती चौकट : चंदगडचा रंगमंच

चंदगडचं र. भा. माडखोलकर महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्य, नकला, पथनाट्य हे प्रकार होतात. तालुक्याच्या दृष्टीने यातलं पथनाट्य सर्वांत मोलाचं. त्याला पडदा, विंग, दिवे काहीच लागत नाही. बाजारच्या दिवशी चौकातही ते रंगतं.

मात्र इथला पाऊस सह्याद्रीचा. पावसाळ्यात उघडा मंच बिनकामाचा, म्हणून छप्पर असलेलं कॉलेजचं सभागृह गावालाही खुलं हवं.

कोल्हापूर इथून सुमारे शंभर किलोमीटर. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं तिथलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळ्या जिल्ह्याला चटका लावणारी ती रात्र.

नाटककार मात्र याच मातीने दिला. ‘स्वामी’कार रणजित देसाई (१९२८–१९९२) तालुक्यातल्या कोवाडचे. ‘हे बंध रेशमाचे’ हे त्यांचं नाटक. कॉलेजच्या मुलांनी आधी त्यांची नाटकं बसवावीत, आणि पहिला प्रयोग कोवाडला करावा.