अहमदाबादचे पोळ आणि शहराचा टिकाव

शाश्वत नगरविकासात संस्कृतीचे नेमके काम काय, हे अहमदाबादच्या जुन्या शहरातल्या पोळांमध्ये स्पष्ट दिसते. सुलतान अहमदशहाने 1411 मध्ये साबरमतीच्या पूर्व काठावर हे शहर वसवले. पुढे तटाच्या आत पोळ वाढत गेले. पोळ म्हणजे एका अरुंद गल्लीभोवतीची घरांची वस्ती. तोंडाशी दरवाजा, आत देऊळ, विहीर आणि पक्ष्यांना दाणे टाकायचा चबुतरा. पुष्कळदा एका जातीची किंवा एका धंद्याची माणसे एका पोळात राहत.

गल्ल्या अरुंद, त्यामुळे समोरासमोरच्या घरांची सावली एकमेकांवर पडते आणि उन्हाळ्यातही चालता येते. घराच्या मधल्या चौकातून उजेड खाली येतो, तापलेली हवा वर निघून जाते. याच चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके असते. छपरावरचे पाणी नळीने तिथे उतरते, पण पहिल्या सरींचे पाणी आत घेत नाहीत. छप्पर धुऊन निघाले की मगच नळीचे तोंड टाक्याकडे वळवायचे. आतून चुन्याचा गिलावा आणि वर घट्ट झाकण, त्यामुळे ऊन पोचत नाही आणि शेवाळ धरत नाही. हे पाणी मुख्यतः पिण्यासाठी राखलेले. पावसाळ्याआधी टाके साफ करणे, पहिले पाणी सोडून देणे, झाकण उघडे न टाकणे ही शिस्त घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, म्हणून टाकी टिकली. नुसते बांधकाम पुरले नसते.

नळाचे पाणी आले आणि ही शिस्त सैल झाली. बरीच कुटुंबे नदीच्या पश्चिमेला मोठ्या घरांत गेली. मागे राहिलेल्या कित्येक घरांची गोदामे झाली. घर उभे राहिले, पण टाके उपसणारे आणि ओट्यावर बसून गल्लीवर नजर ठेवणारे कोणी उरले नाही. पोळांचे खरे नुकसान इथे झाले आहे.

महापालिकेने 1996 मध्ये वारसा कक्ष स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची वारसा फेरी सुरू झाली. 2017 मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर ठरवले. भारतातले असे ते पहिलेच शहर. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही, शहरांविषयीच्या अकराव्या उद्दिष्टात, सांस्कृतिक वारसा जपण्याचे स्वतंत्र लक्ष्य आहे.

युनेस्कोने दिलेल्या या मानातून डागडुजीचा खर्च मात्र भागत नाही. लाकडी सांगाडा आणि चुन्याचे काम जाणणारे कारागीर थोडे, त्यांची मजुरी जास्त. म्हणून हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची, वाट काढण्यात आली. वारसा यादीतले घर जपणाऱ्या मालकाला न वापरलेले बांधकामाचे हक्क शहरात इतरत्र वापरण्यासाठी विकता येतात आणि त्या पैशातून घर दुरुस्त करता येते. मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीतही ही सोय होती. योजना रास्त आहे, पण जुन्या घरांना अनेकदा बरेच वारस असतात, शिवाय पिढीजात भाडेकरू. सर्वांची संमती मिळेपर्यंत पावसाळे उलटतात आणि लाकूड कुजत राहते. त्यामुळे वारसांचा वाद लवकर मिटवणे आणि भाडेकरूला घरातच राहू देणे, ही दोन्ही कामे टीडीआरइतकीच निकडीची ठरतात.