विश्लेषण : शेवग्याला पानांतून किती पोसता येते?

शेवग्याची बाग लावली की खताच्या पोत्यांपाठोपाठ बाटल्याही घरात येतात. जिबरेलिक अ‍ॅसिड, समुद्रशेवाळाचा अर्क, अमिनो अ‍ॅसिड, सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण, १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत. ‘जोमदार वाढ, भरघोस फुले’ हा दावा बहुतेक लेबलांवर असतो. यातले शेंगेपर्यंत काय पोहोचते आणि कशाने झाड नुसतेच हिरवेगार दिसते?

हिशेब काय सांगतो?

पेरियाकुलमच्या फलोद्यान महाविद्यालयाने विकसित केलेला पीकेएम-१ हा वाण महाराष्ट्रातही लावला जातो. अडीच बाय अडीच मीटरवर लावला तर एकरी सुमारे ६४० झाडे बसतात. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार लागवडीनंतर तिसऱ्या महिन्यात खड्ड्यामागे सुमारे ४५ ग्रॅम नत्र द्यायचे असते. म्हणजे एकरी जवळपास २९ किलो, आणि हा फक्त पहिला हप्ता.

आता फवारणी पाहू. एकरी २०० लिटर पाणी आणि लिटरला ५ ग्रॅम १९:१९:१९ घेतले तर एक किलो खत लागते. त्यात नत्र असते १९० ग्रॅम. सगळा थेंबन्‌थेंब पानात जिरला असे मानले, तरी तेवढे नत्र द्यायला दीडशे फवारण्या लागतील. त्यात शेवग्याची पर्णिका इवलीशी, त्यामुळे बरेच द्रावण ओघळून जमिनीवर पडते. पाने लगेच हिरवी दिसतात हे खरे. पण तेवढ्यावरून शेणखत आणि जमिनीतून द्यायच्या खतात काटछाट करणे महागात पडते.

मग फवारणी कुठे उपयोगी?

जिथे गरज किलोत नसून ग्रॅममध्ये असते तिथे. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असते, पण सामू जास्त असल्याने मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अशा वेळी जमिनीत टाकलेले फेरस सल्फेटही अडकून पडते, पानांवरची ०.५ टक्के फवारणी तो अडथळा टाळते. जस्ताचेही थोडेफार असेच. लोह जुन्या पानांतून नव्या पालवीकडे सहज सरकत नाही, म्हणून एका फवारणीवर भागत नाही.

बोरॉनची गोष्ट फुलोऱ्याशी जोडलेली आहे. परागनलिका वाढून फळधारणा होण्यासाठी ते लागते. कमतरता असेल तर फुलोऱ्याआधीची सौम्य फवारणी कामी येते. पण बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांत फार अंतर नसते, त्यामुळे ‘थोडे जास्त टाकू’ इथे चालत नाही. शिवाय फुलगळीला दर वेळी अन्नद्रव्यच कारणीभूत नसते. फुलोऱ्यात अचानक भरपूर पाणी सोडले किंवा ढगाळ, पावसाळी हवा राहिली तरी फुले गळतात. पाण्याची चूक बाटलीने भरून निघत नाही.

संजीवकांचे काय?

जिबरेलिक अ‍ॅसिडने पेशी लांबतात, रोप उंच होते. कुंडीतल्या रोपांवर हा परिणाम सहज मोजता येतो आणि जाहिरातीत शोभूनही दिसतो. पण शेंगांच्या बागेत उंची हवी कोणाला? पीकेएम-१ची रोपे साधारण ७५ सेंटिमीटरची झाली की शेंडा खुडतात, ते बाजूच्या फांद्या फुटाव्यात म्हणून. एकीकडे शेंडा खुडायचा आणि दुसरीकडे उंची वाढवणारे औषध मारायचे, हा पैशांचा अपव्यय आहे. शेवग्याचे लाकूड ठिसूळ. उंच, सडपातळ फांदी वाऱ्याने मोडते आणि शेंग काढायलाही शिडी लागते.

गंमत म्हणजे शेवग्याचा पालाच इतर पिकांसाठी ‘टॉनिक’ म्हणून वापरला जातो. त्यात झिएटिन हे सायटोकायनिन असते. निकाराग्वातील प्रयोगांत पातळ केलेल्या पाला-अर्काच्या फवारणीने वेगवेगळ्या पिकांचे उत्पादन २० ते ३५ टक्के वाढल्याचे २००१मध्ये प्रसिद्ध झाले.

समुद्रशेवाळासारखी जैवउत्तेजके २०२१पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे लेबलवर घटक आणि त्यांचे प्रमाण पाहूनच खरेदी करावी.

पाल्यासाठी लागवड असेल तर?

इथे जास्त जपायला हवे. शेंग सोलून, शिजवून खातात. पाला मात्र थेट भाजीत किंवा पावडरीत जातो. फवारा बसतो तोच भाग माणूस खातो. म्हणून अन्नद्रव्याच्या टाकीत ‘जाता जाता’ कीटकनाशक मिसळण्याची सवय पाल्याच्या प्लॉटवर बंदच हवी. दर कापणीला पाल्याबरोबर भरपूर नत्र शेताबाहेर जाते आणि ते जमिनीतूनच परत द्यावे लागते.

फवारणी कधी, कशी?

द्रावण ओले असेपर्यंतच पानात शिरते. त्यामुळे दुपारचे ऊन टाळून उतरत्या उन्हात, बारीक थेंबांनी, पानांच्या खालच्या बाजूलाही फवारावे. फुलोऱ्यात सकाळी पंप चालवू नये. परागीभवन करणारे भुंगे आणि मधमाश्या तेव्हा फुलांवर असतात. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेट वा सल्फेटयुक्त खतांबरोबर मिसळल्यास साका बसून नोझल तुंबते.

नवे उत्पादन घेतलेच, तर बागेच्या मधल्या दोन ओळींवर फक्त पाणी फवारावे आणि त्या ओळींतल्या शेंगांचे वजन वेगळे लिहून ठेवावे. पानांचा रंग नव्हे, वजन.