मागचं चाक घुमू लागलं की...

रिकाम्या रस्त्यावर साठच्या पुढे गाडी गेली की मागून घूं घूं असा आवाज येतो, आणि वेग वाढवला की तोही चढतो. जुन्या मोटारीच्या मालकाला यावर पहिला सल्ला मिळतो, 'टायर बदला.' सल्ला अगदीच चुकीचा नाही. खडबडीत झिजलेला टायर हुबेहूब असाच घुमतो. पण गेलेलं चाकाचं बेअरिंगही असाच आवाज करतं. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे पालटतो. सिमेंटवरून डांबरावर आलं की तो वेगळा वाटतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. शंका उरलीच तर पुढचे टायर मागे लावून बघावेत. आवाज पुढे सरकला तर दोष टायरचा. अंदाज घ्यायला आणखी एक गोष्ट आहे: उजवीकडच्या लांब वळणावर भार डावीकडच्या चाकांवर पडतो. तिथे घुमणं वाढलं तर आधी डावं बेअरिंग तपासावं.

सर्वांत घातक समजूत म्हणजे 'चाक हलत नाही, म्हणजे बेअरिंग ठीक आहे.' चाकाला खेळ येतो तो शेवटी. त्याच्या कितीतरी आधी छर्‍यांच्या वाटेवरचं पोलाद सूक्ष्म पापुद्र्यांनी सुटू लागतं आणि आवाज तिथून निघतो. हे हाताला कळतं. मागचं चाक उचलून, एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा. गेलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांपर्यंत येते. यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि खाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीच्या आसपास कोणी बसू नये.

'ग्रीस भरलं की बेअरिंग परत चांगलं होतं,' हेही नेहमी ऐकू येतं. उडालेलं पोलाद ग्रीसने भरून येत नाही. आवाज काही दिवस दबतो आणि मालक निर्धास्त होतो, हेच वाईट. दोन्ही बाजूंनी सीलबंद असलेल्या बेअरिंगमध्ये तर ग्रीस भरायची सोयच नसते. ज्यात भरायचं असतं तिथेही हबची पोकळी ठासून भरू नये. जादा ग्रीस घुसळून तापतं, सीलमधून बाहेर येतं आणि ब्रेक शूवर पसरतं.

खड्ड्यांना दोष सगळेच देतात, आणि खड्डे त्याला पात्र आहेतच. पण पाणीही तेवढंच जबाबदार असतं. चालून तापलेला ड्रम तुंबलेल्या पाण्यात गेला की झटकन थंड होतो, आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. म्हणून बेअरिंग बदलताना जुनं ऑइल सील परत बसवणं ही खोटी काटकसर आहे.

आता नटाबद्दल. 'मागच्या चाकाचा नट नेहमी थोडा सैल ठेवावा,' असं काही जण सांगतात, तर काही जण 'पाना चालेल तेवढा आवळा' म्हणतात. दोन्ही नियम एकेका रचनेपुरते खरे आहेत आणि दुसर्‍या रचनेत लावले तर बेअरिंगच्या मुळावर येतात. मारुती ८०० च्या मागच्या ड्रममध्ये दोन बॉल बेअरिंग असतात आणि त्यांच्यामध्ये स्पेसर. नट आवळला की दोन्ही आतल्या रिंगा स्पेसरवर घट्ट बसतात, छर्‍यांवर वेगळा दाब येत नाही. इथे टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापाइतका नट आवळलाच पाहिजे. सैल राहिला तर रिंग स्टबवर, म्हणजे चाकाच्या आसावर, घसरते आणि स्टबच झिजतो. स्पेसर विसरून जोडणी केली तर आवळलेला नट सगळा जोर छर्‍यांवर टाकतो. टेपर रोलर बेअरिंगचं गणित उलटं आहे. तिथे ड्रम फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग तो मागे घेऊन मॅन्युअलमधल्या मापाने किंचित खेळ ठेवायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. कोन (रोलरसकट आतली रिंग) बदलला की त्याचा कपही (बाहेरची रिंग) बदलायचा. जुन्या कपात नवा कोन म्हणजे काम पुन्हा काढायची तयारी.

हातोडीचं म्हणाल, तर प्रश्न घाव कुठे पडतो हा आहे. ड्रममध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवरच हवा. आतल्या रिंगवर ठोकलं की धक्का छर्‍यांतून जातो, त्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी घुमायला लागतं. प्रेस मिळाली तर उत्तम. नाहीतर बाहेरच्या रिंगच्या मापाची जाड नळी लावून सरळ बसवावं. बेअरिंग बोटांनीच आत सरकलं तर ड्रमचं भोक झिजलं आहे. तिथे पंच मारून खुणा उठवण्याची रीत मला मुळीच मान्य नाही. पकड थोड्याच दिवसांत जाते. ड्रम बदलावा.

दोन्ही चाकांची बेअरिंग जोडीनेच बदलली पाहिजेत असं नाही. दुसरं चाक शांत आणि गुळगुळीत फिरत असेल तर त्याला हात लावू नये. मात्र एकाच ड्रममधली आतली आणि बाहेरची बेअरिंग एकदमच बदलावीत. जुन्या रिंगवर कोरलेला नंबर दुकानात दाखवून घ्यावं आणि पक्कं बिल मागावं, कारण नकली माल खोक्यावरून ओळखू येत नाही.

जोडणी झाल्यावर काही किलोमीटर चालवून दोन्ही ड्रमजवळ हात न्या. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर ब्रेक शू घासतो आहे की नट चुकला आहे, हे ड्रम उचलून त्याच दिवशी बघावं.