फुरसुंगी ते खापरी

मूल लहान असतं तोवर त्याला चिमणी-कावळ्याच्या, राजा-राणीच्या गोष्टी पुरतात. मोठ्यांसाठी कादंबऱ्या आहेतच. पण बारा ते सोळा या वयाचं काय? हा वाचक धड लहान नाही, धड मोठा नाही. चिमणी-कावळ्याला तो हसतो आणि मोठ्यांच्या पुस्तकांना हात लावला की घरचे डोळे वटारतात. मराठीत या वाचकाची ज्यांनी मनापासून कदर केली, ते भा. रा. भागवत.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म 31 मे 1910 रोजी इंदूरला झाला. 1951मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. ते फार वर्षं चाललं नाही, पण भागवतांची लेखणी थांबली नाही. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या विज्ञानकथा त्यांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावंच पाहा. आपण पाकिटावर ‘मुक्काम अमुक, पोस्ट तमुक’ लिहितो. भागवतांनी तो ‘मुक्काम’ थेट धूमकेतूला जोडला! परकी गोष्ट घरची कशी करावी, याचा हा धडाच आहे.

मग त्यांनी घरचाच नायक घडवला. बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. काटकुळा, सायकल दामटणारा, ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा. तो प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला. त्याच्यापाशी जादूची कांडी नाही. आहे ती चौकस नजर आणि चपळाई. मोठी माणसं त्याचं ऐकून घेत नाहीत, म्हणून त्यालाच पुढं व्हावं लागतं. कुमारवयाची खरी कळ भागवतांनी इथं ओळखली. दुसरा नायक बिपिन बुकलवार. तो पुस्तकवेडा. आपल्या विदर्भातल्या ‘वार’ आडनावांच्या रांगेत हा ‘बुकलवार’ किती सहज बसतो!

1987मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला. 2001मध्ये भागवत गेले. 2017च्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला आणि दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतांची भूमिका केली.

मी मिहानजवळ राहते. रविवारी आमच्या सोसायटीतल्या आणि शेजारच्या खापरी, शिवणगावातल्या मुलांना पुस्तकं वाचायला देते. फेणेचं पुस्तक परत करताना एका मुलानं विचारलं, “काकू, फुरसुंगी खरंच आहे का जी?”

म्हटलं, “आहे ना!”

“मंग आपल्या खापरीचं पुस्तक काऊन नाही?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मिहानसाठी इथल्या गावांच्या जमिनी गेल्या. काही वस्त्या उठल्या. आज तिथं आयटी कंपन्या आहेत, ‘एम्स’ आहे, विमानांची घरघर आहे. ज्या शेतात आजोबांनी कापूस वेचला, तिथल्या कुंपणापलीकडे नातवाला जाता येत नाही. हरवलेली वाट, बुजलेली विहीर, रात्रीचा दिव्यांचा झगमगाट... साहसकथेला आणखी काय हवं? आणि आपण काय गमावलं, काय मिळवलं, हा प्रश्न या वयात जितका टोचतो तितका पुढं टोचत नाही.

फुरसुंगीही आता पूर्वीची राहिलेली नाही. पुणं वाढत तिथवर पोचलं. कचरा डेपो आला, आयटीच्या इमारती आल्या. पण पुस्तकातली फुरसुंगी कुणाला उठवता येत नाही. लेखक गावासाठी एवढंच करू शकतो आणि ते थोडं नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना सांगणं आहे, की मुलांना फेणे अवश्य द्या, पण सोबत एक कोरी वहीही द्या. आजी-आजोबांना विचारून जुन्या गावाचा नकाशा त्यांना काढू द्या. कुणाचं शेत कुठं होतं, पोळा कुठं भरायचा, ते लिहू द्या. शुद्धलेखनाच्या चुका मागाहून काढता येतील. खापरीचा फेणे पुण्याहून येणार नाही. तो इथल्याच कुणाच्या तरी वहीत जन्मेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)