कंपायलरच्या फ्लॅगांची एकवाक्यता

माणसानें लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा आज्ञांत उतरवून देणाऱ्या दुभाष्याला कंपायलर म्हणतात, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. हें भाषांतर कोणत्या रीतीनें करावें, कोणते संशय बोलून दाखवावेत, वेग किती साधावा, या गोष्टी त्याला लहान लहान खुणांनीं सांगाव्या लागतात. या खुणांना फ्लॅग असें नांव आहे. अडचण अशी कीं, दुभाषे अनेक आहेत आणि त्यांच्या खुणांची बोली एक नाहीं. १९८७ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेला जीसीसी, त्याच्याच बहुतेक खुणा पाळणारा क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, हे सी व सी-प्लस-प्लस या भाषांसाठीं आज विशेष प्रचारांत आहेत.

शब्द निराळा असला तर निदान सावध तरी होतां येतें; शब्द तोच आणि अर्थ निराळा, हा प्रकार अधिक फसवा. ‘डब्ल्यू-ऑल’ ही खूण घ्या. सर्व इशारे द्या, असा तिचा अक्षरार्थ. जीसीसी तिच्यावरून नेहमींच्या उपयोगाचे इशारे देतो; कित्येक इशारे त्यांत येत नाहींत. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मात्र खरोखरच सर्व इशारे देऊं लागतो, आणि महत्त्वाचा एखादा इशारा त्या गर्दींत बुडून जातो.

याहून घातक गोष्ट दुर्लक्षाची. हा दुसरा कंपायलर अनोळखी खूण दिसली तर तशी एक ओळ छापतो आणि ती खूण सोडून पुढें चालूं लागतो. याचा परिणाम आपल्या लिपीवरच पाहूं. यूटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइटांत सांठवितात, आणि पहिल्या बाइटाचें मूल्य २२४ असतें. बाइटाचें मूल्य ऋण धरूं नये, हें जीसीसीला ‘एफ-अन्साइन्ड-चार’ या खुणेनें सांगतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला नुसत्या ‘जे’ या अक्षरानें. पहिली खूण दुसऱ्याला दिली तर ती वायां जाते, आणि २२४ हा आंकडा उणे ३२ असा वाचला जातो. त्या आंकड्यावरून कोष्टकांतील घर शोधणारा प्रोग्राम कोष्टकाबाहेर भलत्याच जागीं हात घालतो. साध्या इंग्रजी मजकुरावर चांचणी घेतली तर हा दोष दिसतच नाहीं; कारण त्या अक्षरांचीं मूल्यें १२७ च्या आंत असतात.

अनेक फाइलींचें असें भाषांतर क्रमानें करवून घेणाऱ्या साधनाला बिल्ड-साधन म्हणतात. सी-मेक हें त्यांपैकीं एक प्रसिद्ध साधन. तें वापरतांना तीन पथ्यें पाळावींत. पहिलें, साधनाला जो हेतु नांवानें कळतो, त्याची खूण आपण लिहूं नये. सी-प्लस-प्लसची १७ ही आवृत्ति हवी, एवढें सांगितलें कीं योग्य खूण सी-मेक स्वतः निवडतें. इशारा हाच दोष मानावा, हें २०२२ सालच्या ३.२४ या आवृत्तीपासून असेंच सांगतां येतें. दुसरें, ज्या हेतूला असें नांव नाहीं, त्याच्या सर्व बोलींतील खुणा एकाच ठिकाणीं मांडाव्यात, आणि निवड कंपायलर पाहून करावी, संगणकाची प्रणाली पाहून नव्हे. विंडोजवर जीसीसी आणि क्लँगही चालतात. तिसरें, खूण स्वीकारली जाते कीं नाहीं, हें साधनाकरवीं आधींच विचारून घ्यावें. ती अत्यावश्यक असून स्वीकारली जात नसेल, तर काम तेथेंच थांबवावें.

सर्व खुणांचें महत्त्व सारखें नसतें. वेगाची खूण गळाली तर प्रोग्राम मंद होतो. अर्थाची गळाली तर तो चुकीचें उत्तर बिनदिक्कत देतो. म्हणून अर्थ शक्य तों प्रोग्रामच्या मजकुरांतच स्पष्ट लिहावा. बाकीचें जें खुणांवर सोंपवावें लागेल, तें एकदाच, एकाच जागीं आणि पडताळून सांगावें.