मोटारसायकलचा हॉर्न : आधी तार, मग आवाज



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या रस्त्यांचं रूप पालटतं. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं लावलेली गाणी, आणि मागं मोटारसायकलवरून घराकडं निघालेला आपला सभासद. हॉर्न दाबावा तर शेळी बेंबटल्यासारखा आवाज. ट्रॅक्टरवाल्याला ऐकू जायचं नावच नाही. शेवटी माणूस कंटाळून साइडपट्टीवरून पुढं काढायला जातो, आणि नेमका त्याच वेळी ड्रायव्हर ट्रॉली डावीकडं दाबतो. पुढं काय होतं ते लिहायला नको.

बेणं, लागण, खोडवा सोडून ऊस विकास विभागानं हॉर्नवर का लिहावं, असं कुणी म्हणेल. पण तुम्ही, आमचे चिटबॉय आणि गट ऑफिसचे कर्मचारी हंगामात रात्री-अपरात्री दुचाकीवरच असता. म्हणून हा विषय आपलाच.

हॉर्न बारीक वाजू लागला की बहुतेक जण तालुक्याला जाऊन मोठ्या आवाजाची जोडी आणतात आणि जुन्याच वायरींना जोडून टाकतात. पंधरा दिवस गाडी दणक्यात वाजते. मग आवाज पुन्हा बसतो, बटण गरम लागायला लागतं आणि एक दिवस हँडलजवळ जळका वास येतो. दोष हॉर्नचा नसतो. कंपनीचा साधा हॉर्न दोन-तीन अँपिअर वीज घेतो आणि त्या बेतानंच बारीक वायर व छोटं बटण दिलेलं असतं. नवी जोडी सात-आठ अँपिअर, काही तर त्याहून जास्त ओढते. दीड इंची पाइपावर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जोडल्यासारखंच झालं ते.

हिशेबच पाहा. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत, जाऊन-येऊन चार मीटर अंतर धरलं आणि सात अँपिअर वीज गेली, तर जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच गळतो. बटणाच्या काळ्या पडलेल्या पत्त्यांत आणखी गळतो तो वेगळा. बारापैकी साडेदहा व्होल्ट हॉर्नपर्यंत पोचले तर तो काय बोंबलणार? तीच वायर दीड चौरस मिलिमीटरची घातली तर गळती तिसऱ्या हिश्शावर येते. विहिरीवर शेवटच्या पोलाला होल्टेज का मिळत नाही, हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं समजवायला नको.

यावर उपाय म्हणजे रिले. नाव नवं वाटलं तरी वस्तू तुमच्या ओळखीची आहे. मोटारीच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटारीची सगळी वीज त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला जागं करतं, कॉइल पट्टी ओढते आणि मोठी वीज त्या पट्टीतून जाते. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान असा स्टार्टरच. त्याला चार पिना असतात आणि त्यावर 30, 87, 85, 86 असे आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजमधून आलेली जाड वायर 30 ला. 87 पासून जाड वायर हॉर्नला, आणि हॉर्नचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. जुन्या हॉर्नवरून सोडलेल्या दोन्ही बारीक वायरी 85 आणि 86 ला. म्हणजे त्या गाडीत बटण पॉझिटिव्ह देतं की अर्थ देतं, याचा घोळच राहत नाही.

फ्यूज बॅटरीपासून वितीच्या आत असावा. जोडीला 10 किंवा 15 अँपिअरचा पुरतो. किटकॅटमध्ये जाड तार पिळून घालायची आपली जी जुनी खोड आहे, ती इथं चालवू नये. पंपावर फार तर मोटर जळते, इथं पेट्रोलची टाकी वायरीपासून हातभर अंतरावर असते.

पण नवीन काही घेण्याआधी एक परीक्षा करून पाहावी. हॉर्नच्या दोन्ही पिना सोडून दोन वायरींनी तो थेट बॅटरीवर वाजवावा. खणखणीत वाजला तर हॉर्न शाबूत आहे, रोग वायरिंगमध्ये आहे. तसाच बारीक वाजला तर मीटर लावून बॅटरी पाहावी. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. बॅटरी ठीक असेल तर हॉर्नच्या पाठीवरचा स्क्रू पाव फेरा इकडं-तिकडं फिरवावा. माझं मत विचाराल तर दहापैकी सात गाड्यांना नवा हॉर्न लागतच नाही.

वायरिंग कुठं खराब होतं? हँडल वळतं त्या मानेपाशी वायर आतल्या आत तुटते, वरचं प्लास्टिक मात्र साबूत दिसतं. गोठ्यात लावलेल्या गाडीच्या सीटखाली उंदीर काम करतात. आणि तिसरी गोष्ट मला मुंबईत गोराईला कळली. बोरिवलीला नातेवाइकांकडं गेलो असताना खाडी ओलांडून पलीकडं गोराई गावात गेलो. तिथं लोक मोटारसायकली बोटीत घालून पलीकडं नेतात. खालून खारं पाणी, वरून खारं वारं. एका गॅरेजवाल्यानं उघडलेली वायर पाहिली, तर तांब्यावर हिरवट भुकटी आणि तार काळी ठिक्कर. तो प्रत्येक जोड डाग देऊन, वर ग्रीस लावून आणि नळी चढवून बंद करत होता, नुसती टेप गुंडाळत नव्हता. आपल्याकडं समुद्र नाही हे खरं. पण अमोनियम सल्फेटची गोणी सीटवर टाकून आपण शेतात जातो, तिची भुकटी ओलाव्यात विरघळून त्याच वायरींवर उतरते आणि तांब्याला तसंच खाते. खत वाहून झाल्यावर गाडी धुवावी, आणि जोड गोराईच्या पद्धतीनंच करावेत.

हॉर्न बसवताना तोंड खाली आणि थोडं पुढं ठेवावं, म्हणजे चिखलपाणी आत साठत नाही. त्याची लवचीक पट्टी काढून तो चासीला घट्ट आवळू नये, आवाज मरतो.

आता कायद्याचं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 119 प्रमाणे, निरनिराळे सूर काढणारा किंवा कर्णकर्कश हॉर्न चालत नाही. ट्रकचा प्रेशर हॉर्न मोटारसायकलला लावून मिरवणाऱ्या तरुण मंडळींनी हे वाचावं. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्यांदा 1000 रुपये आणि पुन्हा सापडल्यास 2000 रुपये दंड आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवायचाच नाही, आणि रात्री 10 ते सकाळी 6 वस्तीतही नाही. मुंबई पोलिसांनी तर 2020 च्या सुरुवातीला गंमतच दाखवली होती. काही सिग्नलवर आवाजाचा मीटर लावला, आणि गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू!

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इंजिनचा कारभार एका इलेक्ट्रॉनिक डब्याकडं असतो. त्यांची मूळ वायर कापू नये. रिलेला तयार सॉकेट मिळतं, ते वापरावं. वॉरंटी चालू असेल तर आधी शोरूमला विचारून घ्यावं.

ट्रॅक्टर मालकांनाही विनंती आहे की गाण्याचा आवाज मागच्याचा हॉर्न ऐकू येईल इतकाच ठेवा, आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावा. बंद पडून अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीपुढं कुणाचाही हॉर्न उपयोगाचा नाही.

व्होल्ट मोजायचा मीटर गट ऑफिसात ठेवला आहे. ऊस नोंदीला याल तेव्हा गाडी सोबत आणावी, पाच मिनिटांत तपासून मिळेल.